थोरलं पातं

३ मार्च, सकाळी
नातीने वही दिली. म्हणाली, आजी, मनातलं लिही. शाळा दुसरीपर्यंत झालीय, पण मनातलं लिहायला कुठे तिसरी लागते?

तर आज धाकट्या भावजींनी माझ्या लेकाच्या खांद्यात हातोडा घातला. का, तर आमच्या पात्यातलं खिळ्याचं भोक केसभर सरकलंय. मी सांडशी घेऊन गेले आणि भावजींच्या गुडघ्यावर एकच दिली. बसले मटकन! फार आनंदाचा दिवस.

आमची कात्र्यांची गल्ली. शिंप्याच्या कात्रीला पाती दोन. चार बोटं जातात ते थोरलं, अंगठा जातो ते धाकटं. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा थोरलं पातं आमच्या ह्यांना, धाकटं भावजींना. हे गेल्यापासून आमचं लेक घडवतो. कोपऱ्यावरचा खिळेवाला दोन्ही जोडतो, पलीकडचा धारवाला धार लावतो. चाळीस पावलांत कात्री तयार. आणि चाळीस पावलांत रोज रक्त.

५ मार्च
ठरलं. गल्ली सोडायची. हायवेवर गाळा बघितला. आसपास एकही कात्रीवाला नाही! गल्लीत बारा दुकानं, गिऱ्हाईक बारा जणांत वाटलं जातं. तिथे सगळं आपलंच. एवढं साधं गणित बारा बाप्यांना सुचलं नाही.

लेक म्हणाला, आई, शिलाई कारखान्याच्या पाचशे कात्र्या एकतीस तारखेला द्यायच्यात. ही ऑर्डर चुकली तर पुन्हा आपल्याला कुणी दारात उभं करणार नाही. मी म्हटलं, म्हणून तर! शांततेत काम झपाझप होतं.

८ मार्च
निघालो. भावजींनी टेम्पोची काच फोडली. लेकाने त्यांची गचांडी धरली. खिळेवाला सोडवायला आला, त्याचा दात पडला. कुणी पाडला ते लिहीत नाही, पण माझं कोपर अजून ठणकतंय. भावजी ओरडले, वहिनी, परत पाय ठेवलात तर तंगडं मोडीन! मी म्हटलं, आधी स्वतःचा गुडघा सरळ करा.

११ मार्च
काय जागा आहे! वारा, उजेड, आणि शिव्या द्यायला कुणी नाही.
भट्टीचा भाता फाटला. सूनबाई म्हणाली, गल्लीत शेजारून मागून आणला असता. मी म्हटलं, वाईट सवयी सोड. भाता शिवण्यात दोन दिवस जातील. विश्रांतीही हवीच की.

१५ मार्च
पहिलं गिऱ्हाईक! पंक्चर कुठे काढतात विचारत होतं. म्हणजे जागा लोकांच्या नजरेत भरतेय.

१९ मार्च
पाचशे थोरली पाती तयार. काय ढीग चमकतो!
सूनबाईने विचारलं, आणि धाकटी?
लेक माझ्याकडे बघायला लागला, मी लेकाकडे. मग म्हटलं, घडव की. शेवटी लोखंडच ते.

२१ मार्च
लेकाने सात घडवली. सहा कात्र्या उघडतात, मिटत नाहीत. सातवी मिटली, ती उघडतच नाही. त्याने हातोडा भिंतीवर भिरकावला. आरपार भोक पडलं. अगदी मधोमध. केसभर सरकलेलं नाही.

२३ मार्च
भांडायला शेजारी नाहीत, मग घरातच. सूनबाईने कळशी फेकली. लेकाने शटरला लाथ घातली, अंगठ्याचं नख गेलं. मी त्याच्या थोबाडीत दिली. भावजींचा गाल असता तर हात इतका दुखला नसता.

२५ मार्च
लेक मला न विचारता गल्लीत गेला. ओठ फुटलेला, डोळा सुजलेला, आणि हसत परत आला. काका आधी हाणतात, मग ऐकतात, म्हणाला. निरोप आणलाय. धाकटी पाती घडवून देतो, पण थोरली वहिनींनी स्वतः घेऊन यावं.
मी? मेले तरी नाही.

२६ मार्च
गेले. हार वगैरे नाही, बसमध्ये जागा होती म्हणून.
भावजी दारातच उभे, हातात सांडशी. म्हणाले, तंगडं मोडीन म्हटलं होतं. मी पाय पुढे केला. म्हटलं, मोडा. त्यांनी माझ्या गुडघ्यावर एकच दिली. चांगलीच लागली. मग पात्यांचं पोतं उचलून आत नेलं आणि आतून ओरडले, भोकं केसभर सरकलीत!
डोळ्यांत पाणी आलं. गुडघ्यामुळे.

३१ मार्च
भावजींनी रात्रंदिवस धाकटी घडवली, भोकं सरळ करायला सगळी गल्ली कानशी घेऊन बसली. पाचशे कात्र्या गेल्या. खिळेवाल्याने शिव्या दिल्या, दात नसल्यामुळे नीट कळल्या नाहीत.

आमच्या जुन्या जागेत आता किल्लीवाला आहे. म्हणून भट्टी भावजींच्या पडवीत मांडलीय. शाखा म्हणायची. पाटीवर नाव त्यांचं आहे, पण अक्षर आमच्या नातीचं.

हायवेच्या गाळ्यात पंक्चरवाला आलाय. गिऱ्हाइकांची रीघ लागलीय म्हणे. जागा मीच शोधली होती.