तासाभराची मावशी

४ मार्च, बुधवार

आज ठकूने पाहुण्यांसमोर मला मावशी म्हटलं. जराही न अडखळता. शिकवलं मीच होतं, तरी काळजात चर्र झालं!

वसतिगृहाच्या मोठ्या बाईंची सूचना. पाहुणे परदेशातून, एवढ्या लांबून येतात, अनाथ लेकरांसाठी मदत देतात — त्यात एकीची आई मागच्या अंगणात चादरी पिळताना दिसली तर त्यांचा गोंधळ उडतो. "तासाभराचा तर प्रश्न आहे गं. ते गेले की तू तिची आई आहेसच." बरोबरच आहे त्यांचं. ठकूचे बाबा गेले तेव्हा सख्ख्या दिराने दार लावून घेतलं. बाईंनी उघडलं. ठकूला वसतिगृहात घेतलं, मला धुण्याचं काम आणि कोठीमागची खोली दिली. पहिल्या रात्री माझ्याशेजारी गुडघे टेकून प्रार्थना केली, माझ्याआधी त्यांचेच डोळे भरले. त्यांच्यासाठी मी तासभर मावशी काय, आत्याबाईसुद्धा होईन.

५ मार्च, गुरुवार

चादरी, चादरी, चादरी! रात्री कोण अंथरूण ओलं करतं ते देवानंतर मलाच ठाऊक. पण मी कोणाचं नाव फोडत नाही. मोठ्या मुलींचा बिचाऱ्यांचा चेहरा सकाळी बघवत नाही.

९ मार्च, सोमवार

ठकूने आज पाहुणे नसतानाही मावशी म्हटलं. मी टोकलं तर म्हणते, "सवय असलेली बरी. चुकून तोंडून निघालं तर?" नऊ वर्षांची आहे आणि अक्कल बघा! हसत हसत स्वयंपाकीणबाईंना सांगितलं. त्यांनी कढईतून डोकं वर काढलं नाही. "हसतेस काय? रडायची गोष्ट आहे ती." या बाईंना साखरेतही मीठ लागतं.

१४ मार्च, शनिवार

सुटले! आता लपवाछपवी संपली!

त्या बुधवारच्या पाहुण्यांतलं एक जोडपं परत आलं होतं. त्यातली बाई ठकूला सोडेचना. केस विंचरून दिले, फोटो काढले. मग मोठ्या बाईंना दुभाषी करून तिला विचारलं, इथे तुला सगळ्यांत जास्त कोण आवडतं? ठकूने थेट माझ्याकडे बोट केलं. मी दोरीवर चादर घालत होते. "ती. ती माझी आई आहे."

वाटलं, गेलं काम! पण मोठ्या बाई शांतपणे त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या आणि त्या परक्या बाईचे डोळे पाण्याने भरले. माझ्याकडे आली, माझा ओला हात दोन्ही हातांत धरला. नवराही मान हलवत होता. खरं कळूनही रागावली नाहीत माणसं. उगाच भ्यायलो आपण इतके दिवस. बाईंचेही आभार मानले मनातल्या मनात. वेळ आली तेव्हा त्यांनी खरं तेच सांगितलं.

१५ मार्च, रविवार

प्रार्थनेनंतर ड्रायव्हरने बाजूला बोलावलं. पाहुण्यांना ने-आण करून करून त्याला त्यांची भाषा समजते. बराच वेळ टोपी हातात फिरवत होता. "ताई, सांगू की नको, कळत नाही." शेवटी सांगितलं. मोठ्या बाई काल त्या जोडप्याला म्हणाल्या होत्या — बिचारी अनाथ पोर, मायेची इतकी भुकेली की कपडे धुणारीलाच आई म्हणते.

म्हणून ती रडली. म्हणून माझा हात धरला.

मी समोर उभी होते, जिवंत! आणि मी त्या बाईकडे बघून हसलेसुद्धा.

१६ मार्च, सोमवार

मोठ्या बाईंना विचारायला गेले. वाटलं होतं, नाही म्हणतील, ड्रायव्हरने चुकीचं ऐकलं म्हणतील. मी विश्वास ठेवायला तयार होते. खरंच होते.

नाही म्हणाल्या नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं. ते जोडपं ठकूला दत्तक नेणार आहे. मोठं घर, शाळा, स्वतःची खोली. "मी त्यांना शब्द दिलाय. वरच्या साहेबांनाही कळवून झालंय, तिला कोणी नाही म्हणून. आता कसा फिरवू?" मी म्हटलं, मी आहे ना! तर म्हणाल्या, "तू आहेस गं. पण तू तिला काय देणार? आई आहेस तर आईसारखा विचार कर."

आवाज तोच. प्रार्थनेचा. बाईंनी केसाने गळा कापला माझा, आणि वर माझ्याच डोक्यावरून हात फिरवला.

१७ मार्च, मंगळवार

रात्रभर तेच. मी काय देणार? काय देणार?

लाज वाटते लिहायला, पण पहाटे एकदा वाटलं, जाऊ दे तिला.

१८ मार्च, बुधवार

नाही. देणार नाही. गरीब आहे, मेलेली नाही.

स्वयंपाकीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, गॅस बंद केला. "उद्या बाई चर्चच्या बैठकीला जातील. तेव्हा निघा. माझ्या घरी चला. जागा अडचणीची आहे, पण जमवू." आणि मी यांनाच कडू समजत होते! ठकूला काही सांगितलेलं नाही. पोरीच्या पोटात राहायचं नाही.

२० मार्च, शुक्रवार

काल निघालो. ठकू वाटभर रडली. मला वाटलं, मैत्रिणी सुटल्या म्हणून. आज जेवता जेवता एकदम बोलली. सगळं तिला आधीच माहीत होतं. मंगळवारी बाईंनी तिला विचारलं होतं, तू गेलीस तर आईचं काम आणि खोली कायमची, जाशील का? ती हो म्हणाली होती. माझ्यासाठी! आणि आईला सांगणार नाही, असं बाईंनी तिच्याकडून गुडघे टेकवून, देवापुढे वदवून घेतलं होतं.

"आता तुला सांगितलं, आई. देव रागावेल का?"