चार महिन्यांचे मालक

आबा, तुमची गाडी सापडली. तुमची म्हणतो, कारण नोंदणीच्या पुस्तकात तसं लिहिलंय. पिंपरीला कारखाना काढणारे आमचे शेठ एक जुनी मोटार दुरुस्त करून घेताहेत. उद्घाटनाला ती फाटकात उभी करायची आणि शेजारी आधीच्या मालकांची यादी चौकटीत लावायची. ती करायचं काम हेडक्लार्क म्हणून माझ्याकडे आलं. इंग्रज जाऊन आठ वर्षं झाली, संस्थानं बुडाली, तरी शेठना यादीत एखादा राजा हवा होता. निघाले तळेगावचे एक डॉक्टर, त्यांच्याआधी खडकीचा ठेकेदार, त्याच्याआधी तुम्ही ज्यांची गाडी चालवायचात ते तुमचे साहेब. आणि साहेबांच्या दोन नोंदींच्या मधोमध, चार महिन्यांपुरते, तुम्ही.

म्हणजे तुम्ही खोटं बोलला नव्हतात. मी कॉलेजात जायला लागलो त्या वर्षी साहेबांबरोबर नाशिकला म्हणून गेलात आणि चार महिन्यांनी परत आलात ते त्यांचा जुना कोट घालून. स्वयंपाकघरात पाटावर बसता बसता म्हणालात, "साहेबांनी गाडी माझ्या नावावर केली होती." आई भाकरी थापतेय, मान वर करत नाही. मी हसलो. "चार बुकं शिकलास म्हणून बापाला हसू नकोस. साहेबांना माणसाची पारख आहे."

गाडी दापोडीला पत्र्याच्या शेडमध्ये आहे. तिथला म्हातारा मिस्त्री रंग खरवडतोय. वर डॉक्टरांचा हिरवा, खाली ठेकेदाराचा काळा, त्याखाली साहेबांचा किरमिजी. डाव्या मडगार्डवरचे सगळे थर गेले तेव्हा कथलाचं ठिगळ दिसलं. हा मार कसला, मी विचारलं. मी कोणाचा मुलगा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"बाई मेली व्हती. गवताचा भारा घिऊन चालली व्हती, हितंच, पुलापाशी. साहेब सोता चालवत व्हता, पिऊन. मग मागली तारीख टाकून गाडीच डायवरच्या नावावर केली. डायवर चार म्हैने आत बसला न् साहेब सुटला. ह्ये कथील म्याच भरलंय." कानस पुसत म्हणाला, "लई इमानी गडी, राव. असा मानूस आता मिळायचा न्हाई."

तुरुंगात गेलात ते मी समजून घेईन. नोकरी होती, घरात खाणारी तोंडं होती. पण तुम्हाला त्याचा अभिमान होता. एका बाईच्या मरणाखाली सही केलीत आणि त्या सहीला पारख म्हणालात. दसऱ्याला त्याच मडगार्डला झेंडू बांधलेत आणि मला म्हणालात, पाया पड. मला किळस येते, आबा. साहेबांची जास्त की तुमची, हे आठवडाभर या वहीत ताडून पाहतोय, आणि दर वेळी तुम्हीच निघता. साहेबांकडून मला कधी काही नको होतं, म्हणून असेल. हे न्यायाचं आहे का, ठाऊक नाही.

काल यादी दिली. त्या बाईचं सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. शेठनी तुमच्या नावावर बोट ठेवलं. "हे कोण?"

"साहेबांचे ड्रायव्हर."

"ड्रायव्हरच्या नावावर मोटार केली? काय दिलदार माणूस असेल हो."

मी म्हणालो, "ते माझे वडील."

शेठ उठून उभे राहिले. मला समोरची खुर्ची दिली, चहा मागवला, साहेबांचं नाव ठळक अक्षरांत घ्यायला सांगितलं. बाईचं राहून गेलं. आणि त्या खुर्चीत बसताना मला बरं वाटलं.