गुड्डीचा गाण्याचा डब्बा

२७ सप्टेंबर, गुरुवार
हाका मारून मारून घसा बसला माझा, अन् पोट्टी, आमची नात गुड्डी, ढुंकून पाहत नाही. पाहील कशी? दोन्ही कानात दोन काळी बोंडं कोंबलेली. बापानं मलकापूरवरून आणलं, म्हणे गाण्याचं यंत्र. आगपेटीएवढं यंत्र, त्याले वायर, वायरीले बोंडं. पाच वर्षांच्या लेकराले! मागून ट्रॅक्टर भोंगा वाजवून राह्यला अन् ही रस्त्याच्या मधात मान हलवत उभी. मीच धावत जाऊन ओढली. गुडघा अजून ठणकते.

रामराम राह्यलाच. रामराम. ही डायरी बियाच्या दुकानदारानं फुकट दिली. पानापानावर कापसाच्या बोंडाचं चित्र आहे. तसं बोंड औंदा आमच्या वावरात एक नाही. लाल्या रोग आला, कपाशीची पऱ्हाटी लाल होऊन उभी आहे, नवरीसारखी.

पोराले विचारलं, हे काय आणलं रे? सुधाकर म्हणे, "माय, पुण्यातली खोली बारकी हाये. मी रातपाळी करीन, दिवसा झोपीन. आवाज नको म्हणून कानातलं घेतलं."
म्हणजे बापाची झोप होण्यासाठी पोट्टीनं बहिरं व्हायचं.
(पुढं सु. लिहीन. हात दुखते.)

२८ सप्टेंबर
यंत्र परत. दुकानदार पैसे देईना, सु. बदल्यात बॅटरी घेऊन आला. घे.

कोजागिरी झाली की तिघं जाणार. वावर ठोक्यानं दुसऱ्याले कसायले देऊन टाकलं. सु. कंपनीत, सून वर्षा एका मेसमधी पोळ्या लाटणार. पोट्टी शाळेतून आली की खोलीत एकटी. बाप असून नसल्यासारखा, घोरत पडलेला. इथं ती माझ्या मागं-मागं दिवसभर बडबड करते. गाणं म्हटल्याबिगर जेवत नाही, झोपत नाही. तिथं कोण म्हणीन? एवढ्यासाठी यंत्र पाह्यजे, पण कानातल्या बोंडांबिगर. नाहीतर मले काय यंत्र घेऊन नाचायचं आहे.

वर्षा म्हणे, "आई, माझा जुना मोबाईल देऊ तिले. गाणे बी, चित्र बी."
म्हटलं चित्र नको. चित्र पाहता-पाहता तोंड उघडं राह्यते लेकराचं, माशी गेली तरी समजत नाही.

मले या म्हणून कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर शिव्या दिल्या असत्या.

३० सप्टेंबर, पौर्णिमा
भुलाबाई बसवली. कोनाडा सारवला, वरतून ज्वारीच्या धांड्यांचा मखर. मूर्ती नांदुऱ्याची. भुलाबाईचं नाक दबलेलं आहे, पण बाई गरीब वाटते. चालते.

आमच्या वेळी माहेरच्या गल्लीत पोरींची अशी झुंबड, की दारात उभं राह्याले जागा नाही. ह्या घरची गाणी झाली की त्या घरी. महिनाभर. घरोघरची खिरापत झाकलेल्या डब्यात. घरची बाई डब्बा वाजवणार, पोरींनी ओळखायचं आत काय आहे. ओळखेपर्यंत वाटायची नाही. माझी माय मुद्दाम पातळ शिरा करायची, वाजवला तर आवाजच नाही. पोरी रडकुंडीले यायच्या.

आज आम्ही तिघी. मी, गुड्डी, अन् शेजारची शेवंता. शेवंताले दात नाहीत म्हणून गाण्यातली अर्धी अक्षरं हवेत जातात. तिनं डब्बा वाजवला.
गुड्डी: "खडखड वाजते. खडीसाखर!"
"नाई."
"गोड हाये का?"
"थोडं."
"पाय हाये का त्याले?"
शेवंता इतकी हसली की डब्बाच उघडला. फुटाणे अन् गूळ.

४ ऑक्टोबर, गुरु.
नांदुऱ्याले गेलो. मी, गुड्डी, सु. रफीकचं मोबाईलचं दुकान. मोठमोठे पोट्टे रांगेत उभे, मोबाईलच्या कारडात गाणे भरून घ्यायले. मले पाहून रफीक म्हणे, "मावशी, रिचार्ज?" म्हटलं, माझं रिचार्ज वरचाच करते. तू गाण्याचे डब्बे दाखव.

एक देवाचा डब्बा होता. भजनं आतच बसवलेली, काढता येत नाही, नवं टाकता येत नाही. नको. पाकिटातलं बी आणतो तसंच झालं हे. पेरा, अन् पुढच्या साली परत दुकानात या. आमच्या सासूबाई सरकी शेणाच्या काल्यात चोळून बाजेवर वाळत घालायच्या, स्वतःच्या वावरातलीच. ते बी गेलं. निदान गाणं तरी घरचं पाह्यजे.

दुसरा डब्बा दिव्याचा. लाल-हिरवा चमकते. गुड्डीले तोच पाह्यजे. लोळण घेतली. घेऊ दिली.

तिसऱ्याले आकडे उमटणारी काच. रफीक सांगे, नंबर दबाया की गाना. म्हटलं तिले कुठी आकडे येतात? मलेच धड येत नाही.

मंग एक काळा. वीटभर. वरती एकच जाड बटण, बाजूले आवाजाचं चाक. कारड टाकता येते. गुड्डीले म्हटलं, डोळे मीट अन् चालू कर. केला. बंद कर. केला. तिच्या हातून मुद्दाम पाडला. रफीकनं "या अल्ला" म्हणून डोक्याले हात लावला. डब्बा वाजतच होता. म्हटलं हा दे.
"मावशी, चायना का माल है, गॅरंटी मत पूछो."
"माझी तरी कोण देते रे गॅरंटी?"
सु. दुसरीकडं पाहत उभा, जसा आमचा कोणी नाही.

गुड्डीनं गाडीत डब्बा मांडीवर घेतला. दिव्याचा विसरली.

८ ऑक्टो.
डब्बा पाहून आमच्या मालकांचा, म्हणजे सु.च्या बापाचा, ट्रांझिस्टर आठवला. कातड्याचं कव्हर, बैलगाडीच्या खुंटाले टांगलेला. घरच्या कापसाच्या पैशातून घेतलेला. बाजारभाव अन् बातम्या त्यांच्या, गाणी माझी. मोठ्यानं लावायचे, मी खालच्या बांधावर वेचत असली तरी ऐकू यावं म्हणून. तोंडानं कधी नाही बोलले तसं.

तेव्हा वेचणी होळीपर्यंत चालायची. ओळीनं बाया, ओटीत कापूस, एकीनं गाणं उचललं की बाजूच्या वावरातून दुसरी जवाब द्यायची. तोंड दिसायचं नाही, आवाजावरून ओळखायचं, ही देऊळघाटची, ही माळ्याची सून. आता ही बीटी कपाशी एकदम फुटते. दोन वेच्यात वावर मोकळं. ऑटोत बसून बाया येतात, किलोच्या मागं पळतात. गाणं कधी म्हणतील?

रफीकनं कारडात फुकट गाणी भरून दिली होती, लग्नातल्या डीजेची. गोठ्यातलं वासरू दावं तोडून पळालं.

१४ ऑक्टोबर, रविवार
वर्षानं आज भांडणाच्या सुरात म्हटलं, "आई, तुमचाच आवाज भरून द्या ना त्यात."
मी नाही म्हटलं. मेल्यावर बी डब्ब्यातून बोंबलत राहू का? 
ती भाकरी थापत राह्यली. मंग म्हणे, "तिथं मले तुमचं गाणं येणार नाही. चाल येते, शब्द येत नाई."

तरी दुपारी सु.चा मोबाईल घेऊन आवाज भरायले गोठ्यात बसलो, मी अन् शेवंता. गुड्डीले वर्षानं विहिरीवर नेलं. शेवंता मोबाईलले हात जोडून बसली, फोटो निघते समजून. भुलाबाईची जितकी आठवली तितकी गाणी म्हटली. मधात-मधात खिरापत बी. डब्बा वाजवायचा, "ओळख गुड्डे," म्हणायचं, अन् गप बसायचं. ती विचार करते तेवढा वेळ. मंग "गोड हाये," परत गप. मंग सांगायचं. गप बसताना शेवंताले ठसका आला. तो बी गेला आत.

मोबाईलचं कारड अन् डब्बा रफीककडं धाडला, आवाज डब्ब्यात टाकून दे म्हणून.

१७ ऑक्टो. घट काल बसले.
डब्बा आला. मखरासमोर लावला. माझा आवाज असा? फुटक्या घागरीसारखा. कोणी सांगितलं नाही आजवर.

गाणं झालं. आतला खिरापतीचा डब्बा वाजला. "ओळख गुड्डे." गुड्डीनं तोंड उघडलं, अन् आतली मी लगेच, "गोड हाये," अन् लगेच, "शेंगदाण्याचा लाडू!" धडाधडा. श्वास नाही, थांबणं नाही. पुढचं गाणं सुरू.
दुसऱ्यांदा तसंच. गुड्डी घाई करायले लागली, डब्ब्याच्या आधी ओरडायले पाहे. जमेना.
मंग बटण बंद केलं तिनं.
"आजी, हा मले बोलूच देत नाई."
जेवली नाही. डब्बा बाजेखाली सरकवून दिला, पायानं.

१९ ऑक्टोबर, शुक्र.
नांदुऱ्याले. एकटी, यष्टीनं. रफीकले म्हटलं, काय केलं रे तू माझ्या गाण्याचं?
तो खुशीत. "मावशी, बीच-बीच में बहोत खाली जगह थी. खांसी भी थी. मैंने सब काट के साफ कर दिया."
म्हटलं, "बाबू, ते खाली नव्हतं. तिथं गुड्डी बसली हाये."
त्याले समजलं नाही. मी त्याच्याच टेबलावरचा चार्जरचा खोका उचलला, कानाजवळ वाजवला, म्हटलं ओळख. तो म्हणे, "वायर." म्हटलं, थांबली का नाही मी, तू बोलेपर्यंत?
रफीक खोक्याकडं पाहत राह्यला. मंग म्हणे त्याची अम्मी बी अशीच कोडी घालायची, रोजा सुटेपर्यंत लेकरं भुकेनं रडू नये म्हणून. सात भाऊबहिणी. एकमेकांच्या आधी ओरडायचे.
पण पहिलं पुसून टाकलेलं. आता परत म्हणा.
पैसे घेईना. चहा पाजला. साखर लय.

२१ ऑक्टोबर
परत गोठ्यात. आज घसा बसलेला, शेवंताले ताप. एकटीनंच म्हटलं. कितीक गाण्यांचं तिसरं कडवं शेवंताकडंच आहे, ते तसंच सोडलं.

ह्या वेळी मनात आलं, उत्तर काऊन सांगायचं? सांगितलं की झालं, पोट्टी बटण दाबून मोकळी. इतकी गाणी म्हणून शेवटी डब्बा वाजवला, "ओळख गुड्डे," म्हटलं, अन् मोबाईल बंद करून टाकला.

वर्षानं ऐकलं. "आई, उत्तरच नाई? पोट्टी अडून बसीन. रडीन."
"रडू दे. रडता-रडता विचारीन."
"कोणाले?"
"मले. फोन कशाले हाये?"
सु. मधातच, "खोबरं असीन. माय नेहमी खोबरंच..."
दोघी त्याच्या अंगावर धावलो.

रफीकले निरोप: काहीच कापू नको. कुत्रं भुंकलं असीन तरी राहू दे.

२५ ऑक्टो. दसरा काल झाला.
डब्बा रफीककडून परत आला. त्यातलं नवं गुड्डीले ऐकू द्यायचं नाही ठरवलं. पुण्याले गेल्यावरच. ती मागं लागली. म्हटलं चार्ज नाही. खरंच नव्हता, लाईन सकाळपासून गुल.

गुड्डीनं विचारलं, "आजी, तू डब्ब्यात मावशील का?"
म्हटलं माझं हाडच मोठं आहे, मावत नाही.

२९ ऑक्टोबर, कोजागिरी
भुलाबाई उठली. नदीत पाणी नाही, विहिरीत सोडली. गुड्डी म्हणे, "ती बी पुण्याले चालली?"
दूध आटवलं. शेवंता कांबळ पांघरून आली. तिनं तिसरी कडवी म्हटली, सगळी, ओळीनं, आता काय उपयोग. पण म्हटली. गुड्डी तिच्या मांडीवर झोपून गेली. डब्बा नाही लागला, काही नाही लागलं.

१ नोव्हेंबर, गुरुवार
गेले. नांदुऱ्यावरून रेलगाडी. मी ठेसनावर गेली नाही, गुडघा. फाट्यापर्यंत गेली.

डब्बा गुड्डीच्याच हातात, थैलीत ठेवू देईना. वर्षा पाया पडली, ते ठीक. सु. पाया पडला अन् उठेचना, तर म्हटलं, ऊठ, यष्टी तुझ्यासाठी थांबत नाही.

घरी आली. मखराची धांडं वासराले टाकली. ते खाऊन राह्यलं.

सु.ले फाट्यावर सांगून ठेवलं, इथं बी लिहून ठेवते. फोन यायचा तेव्हा येऊ दे. उद्या येऊ दे, नाहीतर दिवाळीत. पण खिरापतीच्या डब्ब्यात काय होतं, ते गुड्डीच सांगीन, तिच्या तोंडानं. चुकली तर चुकू दे. बापानं मधात तोंड घातलं तर मी फोन ठेवून देईन. वर्षानं बी नाही. गुड्डीनंच बोलायचं.