चुंबकाच्या दाराशी

सर, आज तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दवाखान्यातलं एमआरआय अन् आपलं हे एनएमआर एकच हाय का?" मी हो म्हटलं, आणि पुढचं वाक्य सुचायच्या आधी गळ्याशी हात नेलेले तुम्ही डोळ्यांसमोर उभे राहिलात. घरी आल्यावर चहा ठेवला आणि लिहायला बसले.

सोनपेठच्या आपल्या कॉलेजात तुम्ही आयुष्यभर चुंबकीय अनुनाद, म्हणजे हेच एनएमआर, शिकवलात, पण ते यंत्र कधी पाहिलं नव्हतंत. कॉलेजात ते नव्हतं, आजही नाही. होत्या त्या आलेखांच्या फिकट झेरॉक्स. "प्रोटॉन स्वतःबद्दल कमी बोलतो, शेजाऱ्यांबद्दल जास्त," असं म्हणून तुम्ही त्यातली एक एक पुढं सरकवायचात. एकदा तीन टोकांचं शिखर दिसलं, चार टोकांचं दिसलं, आणि मी 'इथेनॉल' म्हणून मोकळी झाले. तुम्ही चिडला नाहीत.

"नाव नको सांगू. काय दिसायलंय ते सांग."

मधलं एकटं शिखर मी अल्कोहोलचं धरलं होतं. त्याखालचं क्षेत्रफळ मोजलं, तर तिथं एक नाही, तीन हायड्रोजन निघाले. "ओळखायची घाई करायलीस. बघायली न्हाईस," एवढंच बोललात, आणि फळ्याजवळ उभं करून मला हळूहळू एथिल ॲसिटेटपर्यंत नेलंत.

पुढं मी तुमच्याच विभागात शिकवायला लागले आणि त्याच वर्षी तुमचं डोकं दुखायला लागलं. परभणीच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. मुलगा लांब नोकरीला, म्हणून काकूंबरोबर मी आले. जीपमध्ये तुम्ही खुशीत होता. चुंबक बघायला मिळणार, म्हणत होता.

मशीनवरच्या माणसानं घड्याळ, चष्मा, पट्टा काढायला सांगितला. शेवटी गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी राहिली. दीक्षा झाल्यापासून ती अंगावरून उतरली नव्हती, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. त्या माणसाला ते कळत असावं. "चांदीच हाय ना सर? चुंबक वढत न्हाई तिला. आत डॉक्टरला इचारून बघतो, राहू देतेत का." काकूंच्या चेहऱ्यावर जरा जीव आला.

तुमचा हात गळ्याशी गेला. मग म्हणालात, "ओढत न्हाई, खरं हाय. पण आत क्षेत्र बदलत राहतं. चांदीत प्रवाह फिरंल, ती तापंल, चित्र बिघडंल. नको." दोन्ही हातांनी तुम्ही डबी वर घेतलीत, कपाळाला लावलीत आणि काकूंच्या पदरात ठेवलीत. इतकं सावकाश काही करताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. आत जाताना तुम्ही मागं वळून पाहिलं नाही. तुम्ही बाहेर येईपर्यंत काकूंनी पदराची मूठ सोडली नाही.

बाहेर आल्यावर डबी गळ्यात घालून तुम्ही बाकावरच तास घेतलात. "लय ठोकाठोक असते. ती मोठ्या चुंबकाची न्हाई, आतल्या कॉइलींची. अन् बोलतंय कोण? आपल्या अंगातलं पाणी. त्यातला हायड्रोजन." काकू हसल्या. फिल्म आली तेव्हा तुम्ही ती खिडकीकडं धरून माझ्यापुढं केलीत. "काय दिसायलंय?"

मी नाव घेतलं नाही. "डाव्या बाजूला पांढरा डाग हाय, सर. लिंबाएवढा."

"बरोबर," तुम्ही म्हणालात, आणि फिल्म पाकिटात घातलीत. त्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

गेल्या महिन्यात कंबरेसाठी माझा एमआरआय झाला. एवढी वर्षं शिकवतेय, आत गेल्यावर सगळं आठवेल असं वाटलं होतं. काही आठवलं नाही. ना हायड्रोजन, ना तुम्ही. वरचा पत्रा नाकाला टेकतोय असं वाटायला लागलं. घाबरलं तर दाबायला म्हणून हातात एक रबरी फुगा देतात. तो मी दाबला. त्यांनी बाहेर काढलं, पाणी पाजलं आणि पुन्हा आत घातलं. कंबरेत घाबरण्यासारखं काही निघालं नाही.

"आत कसं वाटतं, मॅडम?" त्या मुलीनं आज पुढं विचारलं. मी तुमच्याच शब्दांत कॉइलींची ठोकाठोक सांगितली. फुग्याचं सांगितलं नाही. हे कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्याही हातात तो दिला असणार, सर. तुम्ही दाबला होता का, एवढंच विचारायचं होतं.