सी अनुजाला, डी दीपकला

मी, श्रीमती रमा सीताराम घाडी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा डीटीपी, राहणार लालबाग, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या बोटांनी टाइप करून ठेवत आहे. डोके शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. उलट मलाच मधूनमधून हसू फुटते आहे. शुद्धीत असल्याचा दाखला देताना डॉक्टरांनी विचारले, "काकू, मृत्युपत्रच करताय ना? की पिकनिकला चाललाय?" त्यांना मी कारण सांगितले नाही. ते कलम ४ मध्ये आहे.

कलम १. चाळीतली खोली, किंवा पुनर्विकासात तिच्या बदल्यात जे मिळेल ते, आणि बँकेत जे काही असेल ते, माझा मुलगा दीपक आणि मुलगी अनुजा यांना निम्मे निम्मे. यावर जास्त टाइप करत नाही. दोघांचे भांडण यावरून नाहीच.

कलम २. माझी स्टीलची पट्टी, कटर आणि पंचिंग मशीन दीपकची मुलगी श्रेया हिला. तिचा हात सरळ चालतो. माझा पहिला माऊस, ज्याच्या पोटात गोळी असायची, तो मोठे दीर धोंडूभाऊजींना द्यावा. ह्यांची गिरणी बंद पडल्यावर मी कर्ज काढून कॉम्प्युटर आणला तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले होते, "गो रमा, ह्या मशीन भाकरी भाजतला काय?" भाऊजी, त्याच मशीनने तीस वर्षे भाकरी भाजली. तुम्हीही इथे येऊन खाल्लीत. माऊस चालत नाही, पण तुम्ही चौऱ्याऐंशीचे, तुम्हाला तरी घाई कसली!

कलम ३. आता खरी इस्टेट, म्हणजे कॉम्प्युटर. यात दोन डिस्क आहेत. जुनी मोठी हार्ड डिस्क, तिला डी म्हणायचे: पत्रिका, मंडळांचे अहवाल, पावत्या, साऱ्या परळ-लालबागची बारशी आणि तेरावी तिच्यात आहेत. चालताना कुरकुरते, पण काही विसरत नाही. दुसरी एसएसडी, म्हणजे सी. ती मेकॅनिक उन्मेषने २०१८ साली बसवली. त्याआधी मी कॉम्प्युटर सुरू करून चहा टाकायचे, प्यायचे, कप विसळून यायचे, तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचे. एसएसडी बसली त्या दिवशी बोट लावले आणि पडदा समोर हजर. मी घाबरून बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा हजर! शेजारणींना बोलावून पाचदा दाखवला. उन्मेष जाताना बजावून गेला, "काकू, विंडोज आणि फॉन्ट सीवर, कामाच्या फायली डीवर. डेस्कटॉपवर काय ठेवू नका, डेस्कटॉप म्हणजे सीच. नायतर एका फाइलीच्या दोन होतील आणि तुमची वाट लागेल." मी हो हो म्हटले. माझे लक्ष पडद्यावर होते.

कलम ४. फेब्रुवारी २०१९, अनुजाचे लग्न. घरचीच पत्रिका म्हणून मी एका जुन्या गिऱ्हाइकाची पत्रिका डेस्कटॉपवर घेतली आणि तिच्यावर नावे बदलली. मग उन्मेषचे शब्द आठवले, म्हणून फाइल डीवर कॉपी केली. डेस्कटॉपवरची तशीच राहिली. त्या संध्याकाळी अनुजा शेजारी बसून डीवरची फाइल वाचत होती. शेवटच्या ओळीवर थांबली. "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!" आणि खाली नाव, सम्यक.

"आई, हा सम्यक कोण?"

"त्या गिऱ्हाइकाचा मुलगा गं, राहिला वाटतं."

"मग श्रेया टाक की! आणि नाव मोठं कर. दादाला दिसू दे."

मी टाकले, मोठे केले, डीवर सेव्ह केले. दुसऱ्या दुपारी ती फाइल प्रेसला न्यायला पेनड्राइव्ह घेऊन आली. मला समोर डेस्कटॉपवर फाइल दिसली, मी ती झटकन उघडली, झटकन भरून दिली. चारशे पत्रिका छापून आल्या आणि चारशे घरांत सम्यक आपल्या आत्याच्या लग्नाचे आमंत्रण देऊ लागला. अनुजाच्या सासरचे एक काका तर त्याच्यासाठी कंपासपेटी घेऊन आले. "छोटे यजमान कुठायत?" म्हणून साऱ्या हॉलमध्ये शोधत होते. तेव्हा मला हसता आले नाही. आज ते सगळे हसू बाहेर पडते आहे.

तेव्हा हसता आले नाही, कारण लग्नाआधीच दीपक पत्रिका हातात घेऊन आला होता. "माझ्या एकुलत्या एक मुलीचं नाव काढलंस? कुणाचा पोरगा घातलास?" अनुजा माझ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षे आमच्या गल्लीत म्हणायचे, रमाबाईंच्या हातून चूक जात नाही. आणि मी म्हणाले, "फाइल अनूनेच नेली प्रेसला."

वाक्य खरे होते, पण त्याहून मोठे खोटे मी जन्मात बोलले नाही. दीपक लग्नाला आला, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेला. त्यानंतर सहा वर्षे बहीणभाऊ बोललेले नाहीत. अनुजाने मात्र माझे नाव कुणाला सांगितले नाही, दादालाही नाही. अनू, मला त्याची रोज लाज वाटली. चूक माझी होती. लिहिले एकदाचे! पोट कसे हलके झाले म्हणून सांगू.

कलम ५. सबब, सी अनुजाला आणि डी दीपकला. दीपक, श्रेयाचे नाव मोठ्या अक्षरात असलेली पत्रिका डीवर आहे, तारीख-वेळेसकट. पण ती वाचायला माझा जुना मराठी फॉन्ट लागतो आणि तो फक्त सीवर आहे. त्याच्याशिवाय उघडलीस तर काड्या आणि ठिपक्यांची रांगोळी दिसेल. म्हणजे तुला बहिणीच्या दारात जावेच लागेल. हा माझा डाव आहे आणि मी तो कबूल करते.

कलम ६. साक्षीदार. वकील यतीन त्रिलोकेकर यांनी बजावले, "काकू, वारसाची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका. ज्याची सही, त्याला या कागदाने काही मिळत नाही." मी विचारले, दोघांनीही केली तर? ते म्हणाले, "मग वाटण्या रद्द. तुमच्या मागे खोली, बँक, सगळं वारस म्हणून दोघांचं सामाईक." कॉम्प्युटरसुद्धा? "कॉम्प्युटरसुद्धा. अख्खा." मी तिथेच टाळी वाजवली.

म्हणून रविवारी अकराला दोघांनाही साक्षीदार म्हणून बोलावले आहे, एकमेकांना न कळवता. खुर्च्या दोनच ठेवल्या आहेत, जवळजवळ. सही करण्यापूर्वी हा कागद दीपकने मोठ्याने वाचायचा आणि अनुजाने ऐकायचा. एकजण जरी उठून गेला, तर शेजारचे आनंदा आणि त्यांची बायको सह्या करतील, वरची कलमे लागू राहतील आणि मी मेल्यावर डिस्क वेगळ्या होतील. मला तसे नको आहे. माझ्या डोळ्यांदेखत हा कागद रद्दीत गेलेला मला हवा आहे.

वाचून, समजून, हसत हसत सही केली.

रमा सीताराम घाडी
लालबाग, मुंबई. रविवार, दि. ९ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार :
१. दीपक सीताराम घाडी. (सही. कलम ४ दोनदा वाचले. दुसऱ्यांदा अर्ध्यावर कागद अनूकडे दिला, पुढचे तिने वाचले.)
२. अनुजा पुष्कर राणे. (सही, दादाच्या पेनाने.)