सातवी स्टेप सोडून

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.५०

ही वही कागदाची आहे आणि मुद्दाम आहे. लॅपटॉप कंपनीचा, फोनमध्ये कंपनीचं ॲप. खरं काही लिहायचं तर कागदच बरा. वही ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली मोज्यात.

आज मीटिंगमध्ये साहेबांनी स्क्रीन शेअर केली आणि चुकून भलतीच एक्सेल उघडली. दोन सेकंद. तेवढ्यात मी वाचायचं ते वाचलं. माझं नाव, अख्खी ओळ पिवळी, कॉलम 'रिलीज', तारीख २८. टीममध्ये चौदा जण, पिवळा मी एकटा.

आमच्याकडे रिलीज दोन प्रकारचा. सॉफ्टवेअर रिलीज झालं की केक कापतात. माणूस प्रोजेक्टमधून रिलीज झाला की तो बेंचवर जातो. बेंच नावाचं बाकडं कुठेही नाही. काम नसताना रोज येऊन बसायचं, आणि दोन महिन्यांत कुठल्या प्रोजेक्टने उचललं नाही की एचआर गोड आवाजात बोलावून घेते. आजवर तिथून परत आलेला माणूस मी पाहिलेला नाही.

या प्रोजेक्टमध्ये माझी अकरा वर्षं झाली. निश्चय: शांत राहायचं. कुणावर विश्वास ठेवायचा नाही. रोज नऊच्या आत ऑफिसात.

दुपारी ३.१५

साहेब माझ्याकडे बघून हसले. चार वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा हसले तेव्हा त्यांना माझी खिडकीजवळची खुर्ची हवी होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.४०

लिफ्ट बंद होती. नऊचा निश्चय उद्यापासून.

संशय खरा ठरला. साहेबांनी बोलावून सांगितलं की एक नवी मुलगी आली आहे, तिला केटी द्या. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. आपल्या डोक्यातलं काढून दुसऱ्याच्या डोक्यात घालायचं, आणि मग रिकामं डोकं घरी पाठवायचं. मी विचारलं, घाई कशाला? म्हणाले, "अठ्ठावीसच्या आत तुम्हाला मोकळं करायचंय. तुम्ही अजिबात काळजी करू नका." ज्याला काढायचं असतं त्यालाच काळजी करू नका म्हणतात.

नवीला अडीच वर्षांचा अनुभव. 'सर, सर' करते. सगळं लिहून घेते. एवढं कोण लिहून घेतं?

५ फेब्रुवारी, बुधवार

योजना तयार. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कौतुक करायला बरं.

आमचा क्लायंट म्हणजे एक विमा कंपनी. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला त्यांच्या लाखो ग्राहकांची पत्रं आमच्या सिस्टिममधून निघतात. बारा स्टेप्स. सातवीला गाडी हमखास अडकते. तेव्हा आधी नववी चालवायची, तिच्यातून निघालेल्या फाइलचं नाव बदलायचं आणि मग मागे येऊन सातवी. हे जगात फक्त मला माहीत आहे. असं का करावं लागतं ते मलाही माहीत नाही.

नवीला सगळं शिकवायचं, सातवी स्टेप सोडून. अडला हरी होऊन सगळे माझ्याच दाराशी येतील. अशा माणसाला कोण हलवणार?

संध्याकाळी डॉक्युमेंटमधून सातवी काढून टाकली. सहानंतर थेट आठ. कुणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्युमेंट कोणी वाचत नाही, हे मी अकरा वर्षं सांगतोय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पँट्रीत गेलो तर तिघं एकदम गप्प झाले. त्याआधी शेजारच्या डेस्कवाल्याचं वाक्य कानावर पडलं होतं, "त्याला अजून सांगू नका." त्याच्या हातात मोठं पाकीट होतं, ते त्याने पाठीमागे लपवलं. पाकिटातून जाड कागद डोकावत होता, त्यावर सह्या. माझ्याविरुद्ध तक्रारअर्ज असणार. नवीच्या हातात पेन होतं, म्हणजे तिनेही सही केली. येऊन तीन दिवस झाले नाहीत.

आणखी एक. चॅटमध्ये माझा हिरवा ठिपका पाच मिनिटांत पिवळा होतो, म्हणजे मी जागेवर नाही हे सगळ्यांना कळतं. उपाय शोधला. जागेवरून उठताना मनगटी घड्याळ माउसखाली ठेवायचं. सेकंदकाटा फिरतो, माउसला वाटतं आपण हलतोय, ठिपका हिरवा. आज दिवसभर मी कामावर होतो. जेवतानासुद्धा.

१० फेब्रुवारी, सोमवार

घड्याळ माउसखाली राहिल्यामुळे वेळ कळली नाही आणि साहेबांच्या मीटिंगला वीस मिनिटं उशिरा पोचलो. ठिपका मात्र हिरवा होता. साहेबांनी तेच विचारलं, जागेवर होतात तर आला का नाहीत?

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. म्हणाली, "अरे, सरळ जाऊन विचार ना त्याला. आमच्याकडे लोक महिनाभर गाल धरून बसतात आणि मग म्हणतात दाढ काढावी लागली." तिला कॉर्पोरेट कळत नाही. विचारलं की त्यांना कळणार, मला कळलंय. मग मला काय कळलंय तेही ते काढून घेणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

केटी जोरात. चार तास सिस्टिमचा इतिहास सांगितला. पूर्वी स्क्रीन कोणत्या रंगाची होती, ती का बदलली, बदलणारा आता कुठे असतो. नवीने तेही लिहून घेतलं. शेवटी विचारलं, "सर, सहानंतर एकदम आठ कसं? सातवी कुठे आहे?"

म्हणजे डॉक्युमेंट वाचणारा माणूस जगात आहे. जरा हादरलो. सांगितलं, ती आपोआप होते. तिने वहीत लिहिलं, 'सातवी आपोआप', आणि खाली दोन रेघा मारल्या. तिच्या अक्षराचं वळण चांगलं आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब रोज विचारतात केटी किती झाली. मी रोज सांगतो, ऐंशी टक्के. आज म्हणाले, दहा दिवस ऐंशीच कसे? मी म्हटलं, शेवटचे वीस टक्के बारीक कामाचे असतात. कपाळाला हात लावून बसले. म्हणजे मला घालवायची घाई किती, बघा.

ठरलं की पंचवीसला पत्रांचं सगळं काम नवी एकटी करून दाखवेल. क्लायंटकडच्या बाई कॉलवर ऐकत बसतील. मी नुसतं मागे बसायचं. म्हटलं, आनंदाने.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११.३०

सहाव्या स्टेपपर्यंत लोण्यातून सुरी. सातवीला अडकलं.

नवीने वही उघडली. दोन रेघांवर बोट ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. बाईंनी विचारलं, काय झालं? साहेबांनी विचारलं. शेजारच्यानेही खुर्ची वळवून विचारलं. मी कॉफी आणायला गेलो. चाळीस मिनिटं होऊ दिली, मग बसलो आणि चार मिनिटांत गाडी रुळावर. बाई म्हणाल्या, हा माणूस आहे म्हणून आपण आहोत. सगळ्यांसमोर म्हणाल्या. अकरा वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले.

दुपारी १२.१०

नवी जिन्यात बसली होती. रडत होती. मला बघून उठली, म्हणाली, "सॉरी सर, माझंच ऐकण्यात काहीतरी चुकलं असेल." वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. पण हे युद्ध मी सुरू केलेलं नाही. तिला कधीतरी एखादी कॉफी पाजावी.

२६ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. हसले नाहीत.

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. कंपनीला नवं मोठं काम मिळालं आहे. त्यावर बारा माणसांचा लीड म्हणून साहेबांनी माझं नाव दिलं होतं. चार महिने वर भांडले होते. रिलीज म्हणजे इथून रिलीज, तिथे जाण्यासाठी. बाईंची मंजुरी येईपर्यंत मला कळू द्यायचं नाही, असं वरून बजावलं होतं. बाईंची अट एकच, जाण्याआधी केटी पूर्ण हवी. आणि काल बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं की केटी झालेली नाही. आज सकाळी त्यांनी लेखी कळवलं आहे की या माणसाला दोन वर्षं हलवायचं नाही.

"मी काय करू, सांगा," साहेब म्हणाले. "तुमच्याशिवाय त्यांचं चालतच नाही म्हणे."

मी विचारलं, मग लीड कोण? म्हणाले, शेजारच्या डेस्कवाला. त्याला सोडायला कुणाची हरकत नाही. त्याच्याकडे असं काहीच नाही जे दुसऱ्याला येत नाही. नवीलाही तिकडेच घेतलंय. चांगली लिहून घेते म्हणून.

पाकिटातला तो जाड कागद म्हणजे कार्ड होतं. 'नव्या जबाबदारीसाठी शुभेच्छा.' शेजारच्याने स्वतः सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या होत्या. वर माझं नाव छापील होतं, ते खोडून आता त्याचं लिहितायत.

संध्याकाळी ७

घरी पोचताच बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मला काढत नाहीयेत. ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. म्हणाली, "तुला बोलले नाही, पण पंधरा दिवस घरखर्चाचा हिशेब मांडतेय. दवाखान्यात जास्तीचे तास मिळतील का तेसुद्धा विचारून ठेवलं होतं." मग डोळे पुसून म्हणाली, "तुझ्यासारख्याला कोण काढेल रे?" आणि माझ्या सासूबाईंना फोन करून तेच सांगितलं, मोठ्या आवाजात.

लीडचं तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. इतकी खूश होती की लाज वाटली.

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.५५

प्रथमच नऊच्या आत. नवा अध्याय. दोन वर्षं कशाला, दोन आठवड्यांत मी मोकळा होतो. सातवी स्टेप डॉक्युमेंटमध्ये परत घातली, चित्रांसकट, लाल अक्षरात. नवीच्या जागी एक वयस्क गृहस्थ आलेत, आधी आठ प्रोजेक्ट केलेले. आजच त्यांना सातवी शिकवणार.

दुपारी ४.३०

गृहस्थ अतिशय नम्र. एक ते सहा लक्ष देऊन ऐकलं. सातवीला पाणी प्यायला गेले. परत आल्यावर मी पुन्हा सुरू केलं, तर त्यांना फोन आला. तिसऱ्यांदा मी दारात उभा राहिलो. तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सर, बाकी सगळं शिकवा. तेवढं एक नको. ते ज्याला येतं त्याला इथून सोडत नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी पँट्रीत कळलंय."

टीममधल्या बाकीच्यांना विचारून पाहिलं. सगळ्यांना मीटिंग आहे. उद्या पुन्हा विचारतो.