११० व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर

प्रिय ताईस, धाकट्याचा नमस्कार.

बाबांसाठी पाठवलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर पोचला असेल. तो इथला, ११० व्होल्टचा. आपल्या घरी २३०. मधे ट्रान्सफॉर्मर बसवल्याशिवाय प्लग लावू नका. बाबा घाई करतील, त्यांना आवर. त्यांचा खोकला कसा आहे?

मी बरा आहे. फक्त दुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा आपल्याकडचा मिस्त्री परवा गेला. एकाने इथून आपल्याकडे नेऊन थेट २३० वर लावलेला आणि बिघडल्यावर परत आणलेला अ‍ॅम्प्लिफायर तो दुरुस्त करत होता. प्लग काढला होता, पण आत वीज साठून राहते. हात लागला आणि कोसळला.

त्याच्या आईचा फोन आला तेव्हा मालकांनी तो माझ्या हातात दिला. मीच सांगितलं. ती म्हणाली, "दुखलं का रे त्याला?"

"नाही," म्हणालो.

बाबांना यातलं काही बोलू नकोस.

तुझाच,
धाकटा